तीन हद्दींचं एक लग्न

एकदा एका डोंगरावर तीन राजांच्या हद्दी येऊन भिडल्या. डोंगर जुना, हद्दी नव्या. रानात पिढ्यान् पिढ्या नांदणाऱ्या माणसांना कुणी विचारलं नाही, की बाबांनो, तुमच्या अंगणातून रेघ ओढू का? रेघा ओढल्या, रेघांवर चौक्या बसल्या. मामा एका राज्यात, भाचा दुसऱ्यात. माणसं अडू लागली, लग्नं खोळंबू लागली, गाऱ्हाणी वाढली. राजे काही वाईट नव्हते हो. तिघांनीही आपापले कारभारी पाठवले आणि सांगितलं, एकत्र बसा, रानातल्या लोकांचं भलं होईल असं काही ठरवून या.

सभा डोंगरावरच भरली. अध्यक्ष म्हणून एका वृद्ध ज्ञानी पुरुषाला बोलावलं, कारण त्याचा शब्द तिन्ही दरबारांत चाले. व्यवस्था सगळी त्याच्या शिष्याकडे. शिष्याने मोठ्या हौसेने मंडप घातला, तीन उंच आसनं मांडली, तिन्ही राज्यांचे आचारी कामाला लावले.

नेमकं त्याच दिवशी चौकीवर एक वऱ्हाड अडलं. नवरी जेठी अलीकडच्या राज्यातली, नवरा पलीकडचा, आणि लग्न लावणारी बुधीआजी तिसऱ्या राज्यातली! या लोकांत लग्नाला भटजी नसतो, धवलेरी असते. दोन्ही घरांच्या वाडवडिलांची नावं ती गाण्यात गुंफते, त्यांना हाका मारते, तेव्हा लग्न लागतं. नवऱ्याच्या दारी उंबराच्या ओल्या डहाळ्यांचा मांडव घातला होता. पानं सुकायच्या आत लग्न लागलं तर लागलं, नाहीतर गेलं पुढच्या वर्षावर. आणि ऊन तर असं तापलेलं!

चौकीवर अडवलेलं वऱ्हाड गाऱ्हाणं घेऊन सभेच्या मंडपाशी आलं. शिष्य धावत बाहेर गेला.

"आजी, आत तुमच्याच भल्याची बोलणी चाललीत. तुम्ही सावलीत बसा. गूळपाणी पाठवतो."

"आमचीच बोलणी, नि आम्हीच बाहेर?" बुधीआजी हसली. "नवरीला सोडून लग्न लावताय की काय रे बाबा?"

शिष्यही हसला. आजी मोठी विनोदी आहे, एवढंच त्याला वाटलं.

आत कारभाऱ्यांचं छान जुळलं होतं. भांडण नाही, तंटा नाही. ठरलं असं, की प्रत्येक राज्याने आपापल्या रानात एक पक्का लग्नमंडप बांधायचा आणि दरबारातला एकेक गवई तिथे नेमायचा. मग कुणाला हद्द ओलांडायची गरजच नको! तिघेही आपल्या युक्तीवर खूश होऊन एकमेकांच्या पाठी थोपटू लागले.

वृद्धाने विचारलं, "सगळे आलेत ना रे?"

"हो गुरुजी. तिन्ही आसनं भरलीत," शिष्य अभिमानाने म्हणाला.

"मग शिक्कामोर्तब जेवणानंतर. माझ्या पंगतीत आज एक रीत पाळायची. ज्याचं पान वाढायचं, त्याने बाहेर उभं राहायचं. उरलेल्या दोघांनी त्याचं हित पाहून काय वाढायचं ते ठरवायचं."

शिष्य चकित झाला. इतकी वर्षं गुरुजींच्या हाताखाली काढली, अशी रीत कधी पाहिली नव्हती!

आधी किनाऱ्याचा कारभारी बाहेर गेला. "समुद्राकाठचा माणूस," दोघांनी प्रेमाने ठरवलं, "याला तळलेली सुरमई." मग पठारावरचा गेला. "किती थकून आलाय, याला तांब्याभर खीर." शेवटी उसाच्या मुलखातला म्हातारा कारभारी गेला. "याला घरची आठवण येत असेल," असं म्हणून त्याच्या पानात उसाची कांडकी रचली.

तिघे पानावर बसले आणि एकच गलका झाला.

"अहो, आज माझा सोमवार! सुरमई कसली वाढता?"

"दूध पोटात गेलं की मला तांब्या घेऊन पळावं लागतं! जिवावर उठलात काय?"

"ऊस? मला?" म्हाताऱ्याने आपलं बोळकं उघडून दाखवलं. "दात कुणाचे उसने आणू?"

वाढपी तोंड फिरवून हसू लागले. कारभारी मात्र वृद्धाकडे रागाने पाहू लागले. "ही काय थट्टा मांडलीत आमची?"

वृद्ध शांतपणे म्हणाला, "थट्टा नव्हे. तुमच्यापैकी कुणाच्याच मनात कपट नव्हतं. एकमत होतं, स्नेह होता, अन्नही उत्तम होतं. तरीही तिघे उपाशी राहिलात, कारण जेवणारा दाराबाहेर होता. सकाळपासून आपण हेच करतो आहोत. तीन राज्यं एकत्र आली, हे चांगलंच झालं. पण ज्यांच्यासाठी आली, ते मंडपाबाहेर गूळपाणी पीत बसले आहेत."

शिष्याची मान खाली गेली. आजीच्या ज्या बोलण्याला तो मघाशी विनोद समजून हसला होता, त्याचा अर्थ आता त्याला कळला. कुणी सांगण्याची वाट न पाहता तो उठला आणि बाहेर गेला.

बुधीआजी आत आली, पण आसनावर काही बसेना. "आमच्यात उंचावर बसून कुणी बोलत नाही," ती म्हणाली. कारभारी एकेक करून खाली उतरले, जमिनीवर गोल करून बसले आणि त्यांनी मंडपाचा नि गवयाचा बेत तिला सांगितला.

"तुमचा गवई चांगलाच गात असेल," आजी म्हणाली, "पण आमच्या मेलेल्या माणसांना तो ओळखतो का? हाक कुणाला मारणार? आम्हांला मंडप नको. लग्न निघालं की वाट मोकळी सोडा, बस."

"आणि वऱ्हाडाच्या नावाखाली चोर घुसले तर?" पठारावरच्याने विचारलं.

"ढोल वाजवत निघालेला चोर पाहिलायत कधी?"

सभा खदखदून हसली, आणि ठरलं. ढोल वाजला की तिन्ही चौक्यांचे अडसर वर. शिवाय आजीने बजावलं, की रानाचं काहीही ठरवायचं असलं तर सभा रानातल्या माणसांनी बोलवायची, आणि राजांनी यायचं. यावर कारभारी जरा घुटमळले. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं, मग माना डोलावल्या.

"उठा आता," आजी म्हणाली, "पानं सुकायला लागली असतील. तुम्हीही चला लग्नाला. पण वऱ्हाडी म्हणून या हं, मालक म्हणून नको!"

ढोल वाजला, अडसर वर गेले. जेठी हसत हद्द ओलांडून गेली आणि तिच्यामागे तीन कारभारी, उपाशीपोटी, पण ताल धरत.

संध्याकाळी लग्न लागलं. हिरव्या पानांखाली बुधीआजी अजून गातच होती. वृद्धाने शिष्याला हळूच विचारलं, "निघायचं का आपण?"

शिष्य म्हणाला, "आजींना विचारून येतो."

वृद्ध गालात हसला आणि पुन्हा मांडी घालून बसला.