कानाची शिळा

ती मुकी जन्मली नव्हती. ज्यांनी तिला मुकं केलं, त्यांनीच पुढे देवाकडे बोट दाखवलं.

खडकवेळच्या तळ्याच्या बांधावर कानासारखा खळगा असलेली एक शिळा आहे. वीटभट्टीच्या धुरातून वाट काढत आम्ही तिथे पोचलो, तेव्हा गावातल्या म्हाताऱ्या गेनूआबांनी तिची हकिकत सांगितली.

फार पूर्वी एका दुष्काळात भिवरा नावाच्या बाईने देवळाच्या राखीव टाक्यातून घागरभर पाणी घेतलं. गावाने तिला वाळीत टाकलं; तिच्याशी कुणी बोलायचं नाही, असं ठरलं. भिवरा गरोदर होती, आणि हट्टीही. गाव बोलेपर्यंत आपणही तोंड उघडायचं नाही, अशी तिने शपथ घेतली म्हणे. गावाबाहेर माळावरच्या एका खोपटात तिची मुलगी येसू जन्मली. तिच्या कानावर फक्त शेळ्यांचं बें-बें आणि वारा पडला. दहा वर्षांची झाली तरी तिला एक शब्द येत नव्हता. या बाईचं रक्तच खोटं, देवानेच पोरीची वाचा नेली, असं लोक म्हणत.

एका पावसाळ्यात येसूला बांधातून पाणी झिरपताना दिसलं. ती गावात धावली. लोकांचे हात ओढू लागली, शेळीसारखी ओरडू लागली. पोरांनी तिची नक्कल केली, मोठ्यांनी तिला हुसकावलं. मग ती एकटीच परतली आणि चिखलाचे गोळे त्या भोकात कोंबत राहिली.

बांध फुटला. येसू गेली, खालची आळीही गेली.

निदान एक शब्द तरी बोलली असती, असं कुणीसं म्हणालं. तेव्हा भिवराची शपथ मोडली.

"तुम्ही तिला एक तरी शब्द दिला होता का? आणि मी तिची आई. मीही नाही दिला."

मग गावाने बांध पुन्हा बांधला आणि येसू बसली होती तिथे ही शिळा ठेवली. आजही खडकवेळमध्ये मूल जन्मलं की बाराव्या दिवशी त्याला इथे आणतात. घरटी एक माणूस येऊन त्याच्या कानात काहीतरी बोलतं. कुणाचंही मूल सुटत नाही, असं आबा अभिमानाने म्हणाले.

आमच्यासाठी चहा घेऊन आलेल्या ठकूबाईंनी किटली शिळेवर टेकवली.

"भट्टीवरच्या मजुरणीच्या पोरीला जन्मून आज वीस दिस झाले, आबा. तिला कधी आणायची?"