देवी तीनदा नाही म्हणाली

एका राज्यात राणी होती, पण राजा नव्हता. कालदंष्ट्र नावाच्या मांत्रिकाने राजा अरिंजयाला भर दरबारातून उचलून नेले होते. दिवाणाने गादी बळकावली. राणी वसुमतीने लेकीला माहेरी ठेवले आणि लोकांची दळणे दळत ती नवऱ्याच्या शोधात निघाली. सोबत ओंजळीत मावेल एवढी कुलदेवीची मूर्ती. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर फुलाची एकेक ओली पाकळी चिकटवायची आणि कौल मागायचा. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

असा कौल घेत घेत ती मांत्रिकाच्या गडावर पोहोचली. दारावरची मैना म्हणाली, "तुझा नवरा आतच आहे. एकाचाच हात धर. धरलेला हात जन्मभर सुटणार नाही."

आत शिळेवर मांत्रिक बसला होता. अंगभर खवले, डोळे पिवळे. त्याने टाळी वाजवताच तीन दारांतून तीन राजे आले. तिघेही अरिंजय! एका नवऱ्यापायी बायकांच्या नाकी नऊ येतात, इथे तर तीन.

पहिला म्हणाला, "वसू, घरी चल." हाक अगदी त्याचीच. राणीने कौल मागितला. डावी पाकळी पडली.

दुसऱ्याने लेकीचे लाडके नाव घेतले. राणीचा हात पुढे झालाच होता. डावी पडली.

तिसरा काही बोललाच नाही, नुसता रडू लागला. राणीलाही रडू कोसळले. "आता तरी, आई!" डावीच पडली.

राणी पार गोंधळून गेली. मैना खोटे बोलली, की देवी रुसली? आता विचारावे तरी कोणाविषयी? दालनात उरला होता एकटा मांत्रिक. त्याच्याविषयी विचारायला जीभ रेटेना, तरी तिने विचारले.

उजवी पाकळी पडली.

पुन्हा विचारावे असे तिला फार वाटले, पण मिळालेला कौल पुन्हा मागत नाहीत. "आई, मला काही म्हणजे काही कळत नाही. पण तू माझे वाईट करणार नाहीस," असे म्हणून तिने तो खवल्यांचा हात धरला.

मांत्रिक दचकला. "बाई, हे काय? मी कालदंष्ट्र आहे."

"असाल. देवीने आपल्याकडे पाठवले, मी आले."

ती भ्याली होती, पण तिने हात सोडला नाही.

खवले गळून पडले. आतून अरिंजय निघाला, झोपेतून उठल्यासारखा. पहिले दोन राजे धूर होऊन गेले. रडणारा तिसरा मात्र किंचाळला. खरा कालदंष्ट्र तोच! आपले कातडे आणि आपल्या आठवणी राजावर चढवून, स्वतः राजाचे रूप घेऊन, राणीचा हात धरून गादीवर बसायचा त्याचा बेत होता. भुईवर पडलेले कातडे उसळून त्याच्याच अंगावर चढले आणि तो सरपटत बिळात शिरला.

पुढे राजाला पाहताच दिवाणाने गादी सोडली, लेक आजोळहून आली. देवीने तीनदा नाही म्हटले ती तिची दयाच होती, हे राणीला त्याआधी गडाच्या पायऱ्या उतरताना उमगले, आणि ती तिथेच बसून पोटभर रडली. राजाला काहीच कळेना. तो आपला तिच्या शेजारी बसून राहिला.

ज्याचे माणूस दुरावले असेल, त्याला ते असेच परत मिळो.