नगराध्यक्षांनी ओढलेली दोरी

सोमवार, सकाळी अकरा वाजता, वडगिरी नगरपालिकेचं वस्तुसंग्रहालय. मी हजर होतो.

तिथे संस्थानिकांनी युरोपातून आणलेलं बरोक शैलीतलं भलंमोठं तैलचित्र आहे. ग्रीक राजकन्या आंड्रोमेडा खडकाला साखळदंडांनी बांधलेली, आणि तिला समुद्रराक्षसाच्या तावडीतून सोडवायला वीर उडत्या घोड्यावरून येतोय. राजकन्येच्या अंगावर वस्त्र नाही. साडेतीनशे वर्षं कुणाला लाज वाटली नव्हती, ती नगराध्यक्ष गुंजाळांना वाटली. त्यांनी फर्मावलं, "मी येईन तेव्हा त्या बाईवर पडदा हवा. नंतर चित्र तळघरात."

तळघरात पाणी झिरपतं. तिथे चित्र कुजेल, हे सांगून संग्रहालयाच्या प्रमुख सबनीसबाई थकल्या. शेवटी म्हणाल्या, "बरं साहेब, पडदा लावते."

लावला. मखमली पडदा, वर झेंडूची माळ, बाजूला गोंड्याची दोरी.

गुंजाळ आले, मागे कार्यकर्ते आणि छायाचित्रकार. आयुष्यभर फिती कापलेला, कोनशिला उघडलेला माणूस! दोरी दिसताच हात आपोआप गेला. पडदा सरकला, टाळ्या पडल्या, फोटो निघाले.

"अहो बाई, हे काय?" गुंजाळ दातओठ खात पुटपुटले.

"आपल्या शुभहस्ते अनावरण, साहेब. आता तळघरात टाकलं तर लोक विचारतील, साहेबांनी उद्घाटन तरी कशाचं केलं?"

साहेब हसले. कॅमेऱ्यांसमोर दुसरं काय करणार? वर कलेवर भाषणही ठोकलं.

चित्र आजही भिंतीवर आहे. पडद्याचा हुकूम गुंजाळांचा, हे सगळे मान्य करतात. पण पडद्याला दोरी कुणी लावली, असं मी प्रत्येकाला विचारलं. सबनीसबाईंनी गालातल्या गालात हसत माझ्यासाठी चहा मागवला.