पाटलाचं कुंड

धामणखेड्याच्या चर्चबाहेर, डाव्या हाताला, काळ्या पाषाणाचं एक कुंड आहे. आठ पाकळ्यांचं, काठावर वेलबुट्टी, आत घोटून गुळगुळीत केलेलं. बाहेरगावचे लोक त्याचे फोटो काढतात. या कुंडात आजवर एकाही माणसाचा बाप्तिस्मा झालेला नाही. शेळ्या पाणी पितात.

चर्चची किल्ली मार्थाआत्याकडे असते, त्यामुळे पाहुण्यांना गोष्टही तीच सांगते. "कसलं सुंदर कोरीव काम!" असं कुणी म्हटलं की ती कुंडावर काठी आपटते. मी कितीदा ऐकलंय तरी दरवेळी दचकते. "माझ्या खापरपणज्याचं आहे," ती म्हणते. "बागजी पाटलाचं. बसा इथं, काय सुंदर आहे ते सांगते." ती सांगते तेच लिहिते आहे. नात्यातलं कुणी वाचेल याची धास्ती आहे, पण असो.

पूर्वी, असं सांगतात, गावकुसाबाहेरच्या मांगवाड्यातली अकरा माणसं पहिल्यांदा प्रभूकडे आली. गवताची एक खोपी, तीत मातीचं मडकं, आणि त्या मडक्यातल्या पाण्याने हरिबा उपदेशकाने सगळ्यांना बाप्तिस्मा दिला. त्यांत राही दाई होती. गावातल्या निम्म्या लोकांना जन्मताना पहिला हात तिचा लागलेला. त्यानंतर मात्र त्यांनी तिला कधी हात लावू दिला नव्हता.

दुसऱ्या वर्षी बागजी पाटलाच्याही मनात प्रभूचं आलं. हुशार माणूस. डोंगरावरचं प्रवचन म्हणे घोड्यावर बसून घडाघडा म्हणायचा. फक्त त्याला स्वर्ग हवा होता, शेजारी नको होते. खोपीत येणार नाही, मडक्यातलं पाणी घेणार नाही. बाप्तिस्मा व्हायचा तो स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या विहिरीच्या पाण्याने. त्यासाठी पाथरवट बसवून चार महिने हे कुंड घडवून घेतलं. आणि हरिबा काय म्हणाला? "जशी पाटलांची मर्जी." पाटील आला की सगळं गाव येईल, अशी त्याला आशा. हरिबाचं नाव घेताना आत्याचं तोंड कडू बदाम चावल्यासारखं होतं.

ठरलेल्या दिवशी सकाळी कुंड भरलं, पाटील धुतलेलं धोतर नेसून उभा राहिला, आणि आत पाटलीणबाईंच्या, भागीरथीच्या, पोटात कळा सुरू झाल्या. राहीला बोलावणं गेलं. ती आपलं पाण्याचं मडकं कडेवर घेऊन आली. पाटलाच्या घरच्या पाण्याला तिने शिवायचं नाही, असा पाटलाचाच नियम होता. बाळंतपणाला लागेल ते पाणी तिने मांगवाड्यातून आणायचं.

मुलगी झाली. निळीकाळी, रडेना. राही दारातून ओरडली, "उपदेशक, आत या, लेकरू चाललं!"

हरिबा निघाला तर पाटलाने हात आडवा घातला. "बाळंतिणीच्या खोलीत बाप्या? आणि आधी माझा होऊ द्या. मुहूर्त ठरलाय."

आतून भागीरथी म्हणाली, "राहे, तूच कर."

"मी? आन् कशानं करू?"

"तुझ्याच पाण्यानं. दुसरं हाये कुठं इथं?"

जीव जात असेल तर कुणीही विश्वासी माणूस बाप्तिस्मा देऊ शकतो, हे हरिबानेच त्यांना शिकवलं होतं. राहीने तीनदा पाणी घातलं, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. तिसऱ्या पाण्याला मुलीने श्वास घेतला आणि असा टाहो फोडला म्हणे, की कौलांवरचे कावळे उडाले. तिचं नाव कृपा ठेवलं.

लेक वाचली याचा पाटलाला आनंद झालाच असेल. पण त्याच्या तोंडून पहिले शब्द निघाले ते असे: "हिचा पुन्हा करा. माझ्या कुंडात."

त्या दिवशी हरिबा आयुष्यात एकदाच माणसासारखा वागला. "एकदा झाला तो झाला, पाटील. दुसरा नसतो. पोरगी आता त्यांच्यातली. तुम्हाला तिच्यासोबत यायचं असेल तर खोपीत या."

पाटील गेला नाही. सात वर्षं कुंड रोज घासून भरून ठेवलं. दर रविवारी मायलेकी खोपीत जात, आणि हा ओट्यावर एकटा बसून मोठ्याने स्तोत्रं म्हणे. कुणासाठी, ते प्रभूलाच ठाऊक.

एका रविवारी कृपा परत आली आणि म्हणाली, "आबा, तिथं सगळे एकमेकांचे भाऊबहीण असतात. मग तुम्ही आमचे कोण?"

हे मात्र लागलं. तो उठला, मुलीचा हात धरून मांगवाड्यात गेला. जन्मात पहिल्यांदा. सगळी वस्ती बाहेर येऊन बघत राहिली. राहीच्या दारात त्याने पागोटं काढलं, डोकं वाकवलं. "घाल पाणी, राहे."

"घालते की," राही म्हणाली. "डोक्यावर मागाहून. आधी प्या."

डोक्यावरचं पाणी पुसता येतं. पोटात गेलेलं कसं पुसणार? तरी त्याने ओंजळ धरली, राहीने ओतलं, ओंजळ तोंडाशी गेली. गडी ओठ हलवून मिशासुद्धा पुसून मोकळा झाला. पण कृपा त्याच्या कमरेएवढी. तिला खालून त्याच्या कोपरांवरून ओघळणारं पाणी दिसत होतं.

"आबा," ती म्हणाली, "तुम्ही प्यालाच नाहीत."

राहीने मडकं खाली ठेवलं. "जावा पाटील घरी. तहान लागली की या."

ती त्याला कधी लागली नाही. मेला तेव्हा, मांगवाड्यात जाऊन बाटला म्हणून भाऊबंद जाळायला आले नाहीत, आणि बाप्तिस्मा नाही म्हणून मंडळीने दफनभूमीत घेतला नाही. स्वतःच्याच शेताच्या बांधाला पुरला. त्याचं कुंड मागाहून अंगणातून उचलून चर्चबाहेर आणून ठेवलं.

आजही आमच्याकडे बाप्तिस्म्याचं पाणी राहीच्या वंशातल्या घरून मडक्यातून येतं, आणि लेकराच्या डोक्यावर पडण्याआधी त्यातलं पेलाभर बापाला प्यावं लागतं. तोवर पाळक पुस्तक उघडत नाहीत. परवा मार्थाआत्याचाच पुतण्या लेकराच्या बाप्तिस्म्याला पुण्याहून गाडी घेऊन आला होता. त्याने पेल्याचा काठ रुमालाने पुसला, ओठ टेकवले आणि "आमेन" म्हणून पेला परत केला. पाळकांचं पुस्तक मिटलेलंच. लेकरू कुंचीत झोपलेलं.

पहिल्या बाकावरून आत्या त्याच्या गळ्याकडे बघत होती.

"गिळ," ती म्हणाली.