मिटलेली तोंडे

"मग ओबेदच का, अण्णा?"

शद्रकने हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला. पहिल्या दोन वेळा तो नम्रपणे, हळू आवाजात विचारला होता, म्हणून पोचलाच नव्हता.

म्हातारे कीर्तनकार शीलास अण्णा यांचा उजवा कान बारा वर्षांपूर्वी गेला आणि डावा त्याच्या मागोमाग निघाला होता. त्यांच्याशी बोलायचे म्हणजे ओरडायचे. आणि नम्र तक्रार ओरडून करणे फार अवघड. पलीकडच्या अंगणात कुणीतरी मिरची कांडत होते, तो आवाज थांबला.

अण्णा बाज विणत होते. त्यांनी सुतळी ताणली, गाठ मारली, मान हलवली.

म्हणजे आता पोचला.

अण्णांनी चाळीस वर्षे गावच्या देवळात येशूच्या चरित्रावर कीर्तने केली. यंदा दम पुरेना, म्हणून सुगीच्या सणाचे कीर्तन शिष्याने करायचे आणि चिपळ्या कायमच्या त्याच्याच हाती द्यायच्या, असे त्यांनी ठरवले. शिष्य दोनच. शद्रक शाळेत मास्तर. गळा गोड, पेटी येई, तबला येई, पवित्र शास्त्र अर्धेअधिक तोंडपाठ, ओव्याही स्वतः रची. ओबेद टेम्पो चालवी. त्याच्याजवळ फक्त आवाज होता, तोही वर चढला की फाटे.

दोघांनी एकेका रविवारी उपासनेत भजन म्हटले. काल अण्णांनी ओबेदचे नाव घेतले आणि मंडळीने ते एकमताने मान्य केले. तिथे सगळेच एकमताने होई. ज्यांचे मत दुसरे असे, ते घरी जाऊन बायकोला सांगत.

शद्रक रात्री जेवला नाही. सकाळी मात्र दोन वेळचे जेवला आणि इथे आला.

त्याने आपली बाजू मांडली. येशूच्या दृष्टांतातल्या धन्याने परगावी जाताना तीन चाकरांना सारखे दिले नव्हते. एकाला पैशांच्या पाच थैल्या, एकाला दोन, एकाला एक, ज्याची जशी कुवत. अण्णांनीच हा दृष्टांत शंभर वेळा सांगितला होता. देवानेच भेद केला असेल, तर तो पुसायचे अण्णांना कारण काय? पाच थैल्यांचा माणूस मागे बसवायचा आणि एका थैलीचा पुढे उभा करायचा, हे कुठल्या शास्त्रात आले? हे सगळे ओरडून. मिरची कांडणारी आता उघड उघड कुंपणाला टेकली होती.

"आणि अण्णा, मी काय गायलो ते तुम्हाला ऐकू तरी आलं का?"

बोलल्यावर त्याने जीभ चावली.

"नाही," अण्णा म्हणाले. "एक सूर नाही."

"...मग ठरवलं कशावरून?"

"मी तोंडं बघत होतो."

"माझं?"

"तुझं कशाला? ते वीस वर्षं बघतोय."

शद्रकचा राग जागच्या जागी राहिला, पण त्याच्या शेजारी कुतूहल येऊन बसले. म्हाताऱ्याने नक्की पाहिले तरी काय?

अण्णांनी विचारले, तुझ्या रविवारी मार्थाकाकू काय करत होती?

हे सांगताना शद्रकला सुखच वाटले. मार्थाकाकू डोळे मिटून ऐकत होती. तीच काय, सगळेच. त्याने काळी चारच्या उंच पट्टीत अंतरा घेतला, तशी वळचणीची चिमणीसुद्धा गप्प झाली. लोक इतके रंगले की ध्रुपद आपण परत म्हणायचे असते, हेच विसरले.

"आणि ओबेदच्या रविवारी?"

शद्रकला हसू आले. त्या दिवशी तर फजितीच झाली होती. अंतऱ्याला ओबेदचा आवाज फाटला. बिचारा कपाळाला हात लावून उभा राहिला. मग बाकांवरून लोकांनीच ती ओळ उचलली, नाहीतर भजन तिथेच बसले असते. आणि सगळ्यांच्या वर आवाज कुणाचा, तर मार्थाकाकूचा. नवरा गेल्यापासून तीन वर्षे त्या बाईने देवळात ओठ हलवले नव्हते. ती उठून उभी राहिली, आणि...

शद्रकचे हसू अर्ध्यावर थांबले.

अण्णांनी सुतळीचे टोक दातात धरले होते. त्यामुळे त्यांना बोलता येत नव्हते, किंवा बोलायचे नव्हते.

...

"म्हणजे मी बेसूर गायचं?" या वेळी शद्रक ओरडला नाही. अण्णांनी त्याचे ओठ पाहिले.

"तुला जमायचं नाही ते. शिकायचं वय गेलं."

"म्हणजे कीर्तन ओबेदचं."

"ओबेदचं."

"चिपळ्याही?"

"त्याही."

"मग माझ्या पाच थैल्यांचं मी काय करू? त्या एका थैलीच्या चाकरानं पुरली, तशा जमिनीत पुरू?"

अण्णांनी सुतळी खाली ठेवली. हात लांब करून त्यांनी शद्रकच्या गळ्यावर, घाटीच्या खाली, एक बोट टेकवले.

"पुरलेल्याच आहेत की."

...

कुंपणापलीकडे मुसळ पुन्हा सुरू झाले. पुढचे ऐकू येणार नाही, हे तिथल्या बाईने ओळखले असावे.

शद्रक उठून बाजेच्या दुसऱ्या टोकाला गेला, खाली बसला आणि सैल पडलेली सुतळी त्याने धरली.

"अण्णा, मी काय करू?"

अण्णांनी आपल्या बाजूने सुतळी ओढून घट्ट केली.

"मार्थाकाकू देवळामागं राहते," ते म्हणाले. "तिचा आवाज कुठवर चढतो, ते विचारून ये. पेटी त्या पट्टीत धर."