विहिरीचं वळण

"...आणि मागच्या शॉक-अ‍ॅब्सॉर्बरमध्ये तेल कुठलं घालता, डॉक्टर?"

डॉक्टर मगदूम भुईमुगाच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांनी एक शेंग तिच्यापुढं केली.

"खा की."

शर्वरी दफ्तरदारनं शेंग घेतली, पण खाल्ली नाही. स्प्रिंगांचं विचारून झालं होतं. गिअरचं विचारून झालं होतं. शर्यतीआधी टायर ओल्या फडक्यानं पुसता की कोरड्या, तेही झालं होतं. एकाचंही उत्तर नाही. आणि आता तेलाला शेंग!

पुण्याहून पहाटे निघून सांगली गाठायची ती काय शेंगा खायला?

हे सगळं चाललं होतं ते रिमोटच्या गाड्यांपायी. हसू नका. सांगलीबाहेर हळदीच्या एका वखारीमागं मोठं पटांगण आहे. हळद उचलली गेली की वर्षातून एकदा तिथं जुन्या गाड्यांची शर्यत भरते. जुन्या म्हणजे ऐंशीच्या दशकातल्या. हातभर लांब, उघड्या चाकांच्या, पाठीवर पंख लावलेल्या. पाण्याचे जुने पाइप अंथरून रस्ता आखायचा, कडेला ट्रॅक्टरची ट्रॉली लावायची आणि तिच्यावर उभं राहून गाड्या पळवायच्या. लांब अँटेनाचे, दोन दांड्यांचे रिमोट. डाव्या अंगठ्यानं वेग, उजव्यानं वळण. धूळ उडते तीही पिवळी.

त्या रिमोटांची एक खोड आहे. प्रत्येकात लहरी ठरवणारा एकेका रंगाचा क्रिस्टल असतो, आणि एका रंगाचे दोन रिमोट एकदम सुरू झाले की गाडी कुणाच्याच बापाचं ऐकत नाही. म्हणून ट्रॉलीजवळ एक फळी ठेवतात. तिला कपडे वाळत घालायचे रंगीत चिमटे लावलेले. आपल्या रंगाचा चिमटा अंगावरच्या कपड्याला लावल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही.

फार वर्षांपूर्वी कुणीतरी तसा हात लावला होता. डॉक्टरांची गाडी भर शर्यतीत बिथरली आणि सरळ जाऊन पटांगणाच्या कोपऱ्यातल्या विहिरीत पडली. डॉक्टरांनी ती गळ टाकून काढली, उन्हात वाळवली, आणि आजही तीच पळवतात. बटण कुणी दाबलं होतं ते त्यांना पक्कं ठाऊक आहे म्हणतात. पण आजवर त्यांच्या तोंडून नाव निघालेलं नाही. विहिरीवर आता जाळी आहे, आणि तिथल्या वळणाला विहिरीचं वळण म्हणतात.

याच वळणानं शर्वरीचा जीव खाल्ला होता.

बाई हुशार. चाकणच्या कारखान्यात खऱ्या मोटारींची सस्पेन्शनं करायची. जुनी गाडी तिनं अशी उभी केली होती की बघत राहावं. सरळ रस्त्यावर तिला गाठणारा कुणी नव्हता. पण विहिरीचं वळण आलं की गाडी टुणकन उडून पालथी! गेल्या वर्षी अंतिम शर्यतीत ती सगळ्यांच्या पुढं होती आणि तिथंच उलटली. ट्रॉलीवर उभ्या उभ्या तिला रडू आलं होतं. तेव्हापासून तिनं मगदुमांचं घर धरलं.

डॉक्टर दातांचे. दवाखाना आता बंद केलेला. या पटांगणावर त्यांची अंतिम शर्यत कधी चुकलेली नव्हती, आणि गाडी तर अशी पळवायचे की गाड्यांतलं काही न कळणारा हमालसुद्धा पोतं खाली ठेवून बघायचा. शर्वरीनं पहिल्यांदा बघितलं तेव्हा तिच्या अंगावर काटा आला होता. या माणसाकडं काहीतरी गुपित आहे, आणि ते गाडीच्या पोटात आहे, असं तिनं त्याच दिवशी ठरवून टाकलं.

सरावाला मात्र डॉक्टर तिच्या गाडीकडं बघतच नसत. गाडी तिकडं धुरळा उडवत असायची आणि हे आपले तिच्या डाव्या अंगठ्याकडं बघत उभे.

एकदा तिनं वैतागून विचारलं, गाडी तिकडं आहे, इकडं काय बघताय?

"लोकांना वाटतं, मी जन्मभर पेशंटचं तोंड बघितलं," डॉक्टर म्हणाले. "मी त्याचा खुर्चीवरचा हात बघायचो."

"म्हणजे?"

"भूल चढलेली असती. दुखत काही नसतं. तरी माणूस हात आवळतो..."

मग म्हणाले, "वळणाच्या मधोमध तू अंगठा सोडतीस."

"सोडला नाही तर उलटेल ना."

"सोडतीस म्हणून उलटती."

आता इंजिनिअर माणूस अंगठ्यावर कसा विश्वास ठेवणार? तिला वाटलं, म्हातारा खरं सांगत नाही, टोलवतोय. बरं, प्रयत्न तिनं केला नाही असंही नाही. पण कळतं ते वळेल तर ना! वळण जवळ आलं की अंगठा आपला आपण वर यायचा. मग ती म्हणायची, तिथं जमीनच उतरती आहे. डॉक्टर म्हणायचे, हो की, अंगण वाकडंच आहे, आणि शेंग पुढं करायचे. ती परत तेलावर यायची.

शर्यतीचा दिवस उजाडला.

गाड्या दोन गटांत पळायच्या आणि दोन्ही गटांतले पहिले तिघे अंतिम शर्यतीत जायचे. शर्वरी पहिल्या गटात होती. विहिरीच्या वळणावर तिनं गाडी इतकी हळू घेतली की बैलगाडीनं मागं टाकावं, पण सरळ रस्त्यावर भरून काढलं आणि कशीबशी तिसरी आली. सुटले बाई, म्हणाली.

इथं एक रिवाज आहे. एका गटाची शर्यत संपली की त्यातल्यांनी रिमोट ठेवायचे आणि पुढच्या गटासाठी वळणावळणावर जाऊन उभं राहायचं. मार्शल म्हणून. कुणाचीही गाडी उलटली तर उचलायची, चाकांवर ठेवायची, हात मागं घ्यायचा. तो शत्रू असला तरी. ट्रॉलीवरच्या माणसाला खाली उतरता येत नाही. उलटलेल्याचं नशीब मार्शलच्या हातात.

शर्वरीला हे काम मनापासून नकोसं व्हायचं. मोमीन म्हणून जे शर्यत भरवत, त्यांनी तिला विहिरीच्या वळणावर धाडलं. गेली आपली तोंड वाकडं करून.

दुसऱ्या गटात डॉक्टर होते. निळा चिमटा सदऱ्याला लावून ट्रॉलीच्या टोकाला उभे. त्यांचा आणि शर्वरीचा रंग एकच. दोघांत मिळून तो एक चिमटा; दोघं एकाच शर्यतीत आले तर एकानं क्रिस्टल बदलायचा.

शर्यत सुटली. ती जुनी, पंखाचा तुकडा उडालेली गाडी वळणावर यायची, मागचं टोक किंचित झुलवायची आणि लोण्यातून सुरी जावी तशी निघून जायची. एकदाही गचका नाही. इतक्या जवळून शर्वरीनं ते कधी बघितलं नव्हतं. आपण तोंड वाकडं करून आलो होतो हे ती विसरूनच गेली. हे कसं करतो हा माणूस? कसं?

तेवढ्यात मागून येणाऱ्या एका गाडीनं डॉक्टरांच्या गाडीला धडक दिली. ती उडाली, गरगरली आणि बरोबर शर्वरीच्या पायाशी येऊन उताणी पडली. चाकं वर करून, आपलं पोट दाखवत.

शर्वरीनं ती उचलली.

आणि तशीच धरून बसली.

इतके महिने जे विचारत होती ते सगळं तिच्या हातात होतं. डावी स्प्रिंग एका गाडीची, उजवी दुसऱ्याच गाडीची. पुढचा दांडा कधीतरी मोडलेला आणि दात भरायच्या सिमेंटनं सांधलेला. टायरांची नक्षी पार झिजलेली. तिनं मागचा शॉक बोटानं दाबला. तो भसकन आत गेला आणि भसकन वर आला. दुसरा दाबला. तोही तसाच. आत तेलाचा थेंब नव्हता.

हे कसं शक्य आहे? तिनं परत दाबून बघितला.

दोन गाड्या शेजारून सूं करत निघून गेल्या. मग तिसरी. ट्रॉलीवरून कुणीतरी ओरडलं, अहो ठेवा की खाली! ते डॉक्टर नव्हते.

तिनं गाडी ठेवली, हात मागं घेतला. गाडी सुटली ती वाऱ्यासारखी. शेवटच्या फेरीत त्यांनी दोघांना मागं टाकलं... तिसऱ्याच्या मागच्या चाकाला टेकले, आणि शर्यत संपली.

चौथे.

मगदूम डॉक्टर अंतिम शर्यतीत नाहीत, हे कुणाच्या कल्पनेतच नव्हतं. मोमीन कर्ण्यावरून म्हणाले, धडकेनं चाक अडकलं असणार, मार्शलबाईंनी बिचाऱ्यांनी सोडवलं म्हणून निदान शर्यत तरी पुरी झाली. दोघातिघांनी येऊन शर्वरीला शाबासकीसुद्धा दिली. तिला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

गप्प राहिली असती तर पचलं असतं. तशी संधी समोरून चालून आली होती. पण ती ट्रॉलीमागं गेली. डॉक्टर गाडीवरची धूळ पुसत होते.

"डॉक्टर... चाक अडकलं नव्हतं."

"माहीत आहे."

"मी बघत राहिले. तुमची गाडी हातात धरून नुसती बघत राहिले."

डॉक्टर धूळ पुसत राहिले.

"काय दिसलं?"

"मागच्या शॉकमध्ये तेलच नाही."

"गळून जातंय," डॉक्टर म्हणाले. "विहिरीत पडल्यापासनं."

शर्वरीचे डोळे भरून आले. तिनं सांगून टाकलं, मी अंतिम शर्यतीत उतरत नाही. माझ्यामुळं तुमची जागा गेली, आता माझी जागा तुम्ही घ्या. मोमीनकाकांना मी सगळं खरं खरं सांगते.

डॉक्टरांनी आपल्या सदऱ्याचा निळा चिमटा काढला आणि तिच्या ओढणीला लावला. मग गुडघ्यांवर हात देऊन सावकाश उठले आणि चालू लागले.

अंतिम शर्यतीत जे नसतात त्यांनी वळणं सांभाळायची, हे आलंच. पण डॉक्टरांवर ती वेळ कधी आलीच नव्हती, त्यामुळं मोमीनांची धांदल उडाली. त्यांनी कुणाला तरी खुर्ची घेऊन पिटाळलं, सावलीतलं सोपं वळण देऊ केलं. डॉक्टरांनी खुर्ची परत पाठवली आणि उन्हातून थेट विहिरीपाशी जाऊन उभे राहिले.

शर्वरी ट्रॉलीवर चढली. आज जिंकायचं तिच्या मनातही नव्हतं. आज फक्त उलटायचं नव्हतं. ज्या माणसाचं आपण असं केलं त्याला वाकून आपली गाडी उचलायला लावायची? त्याच्या त्या गुडघ्यांनी? छे. मेले तरी नाही.

शर्यत सुटली. सरळ रस्त्यावर ती सगळ्यांच्या पुढं गेली. विहिरीचं वळण आलं आणि अंगठा वर आला. गाडी दोन चाकांवर उभी राहिली, डगमगली आणि कशीबशी खाली टेकली. तोवर सगळे पुढं निघून गेले होते. दुसऱ्या फेरीला तिनं आधीपासूनच वेग कमी केला. तरी मधोमध अंगठा वर आलाच, आणि गाडी पुन्हा दोन चाकांवर.

ती शेवटून पहिली झाली होती. कुणीतरी म्हणालं, आता काही खरं नाही.

तिसऱ्या फेरीला वळण जवळ आलं तेव्हा तिनं गाडीवरची नजर काढून क्षणभर विहिरीकडं बघितलं. डॉक्टर गुडघे वाकवून पुढं झुकले होते, दोन्ही हात पसरून, लहान मूल पहिलं पाऊल टाकताना पुढं बसतात तसे. ते तिच्या गाडीकडं बघत नव्हते. इतक्या लांबूनसुद्धा ते तिच्या अंगठ्याकडं बघत होते.

अंगठा उचलायच्या बेतात होता, एवढ्यात पटांगणापलीकडून डॉक्टरांचा आवाज आला.

"उलट की बिनधास्त... उचलायला मी आहे."