पालथं चिपटं

हिवरतळ्याच्या बांधावर बरोबर मधोमध एक काळा दगड उभा आहे. त्यावर देवीचा मुखवटा नाही, शस्त्र नाही, हातही नाहीत. नुसती दोन पावलं कोरलेली, टाचांना भेगा पडलेली. दगडाच्या पायथ्याशी एक पितळी चिपटं पालथं ठेवलंय. चिपटं म्हणजे धान्य मोजायचं लहान माप, शेराचा चौथा हिस्सा. पाहुणे आले की गावातले आबा त्यांना इथं घेऊन येतात, टोपी सारखी करतात आणि सांगतात, "तळं टिकत नव्हतं. देवीनं बळी मागितला. भिवराबाईनं हसत हसत दिला."

हसत हसत, म्हणे. आबांना हे त्यांच्या वडिलांनी सांगितलं, त्यांना त्यांच्या. या सगळ्या सांगणाऱ्यांत चिखलात पाय घातलेला एकही नव्हता. खुरपणीच्या बायका मात्र हीच गोष्ट ओळीत बसून, हातातलं खुरपं न थांबवता, वेगळी सांगतात. ती अशी.

फार वर्षांपूर्वी या भागात तीन साल पाऊस झाला नाही. चौथ्या साली देशमुखांनी तळं बांधायला काढलं आणि बाळोजी नावाचा मुकादम नेमला. मजुरी धान्यात. दगड फोडणाऱ्या, रचणाऱ्या पुरुषांना रोज शेरभर ज्वारी. मातीच्या पाट्या वाहणाऱ्या बायकांना अर्धा शेर. आणि बांधाच्या पोटात माती तुडवणाऱ्या बावीस बायकांना चिपटं.

बांध म्हणजे दोन दगडी भिंती आणि मध्ये काळ्या मातीचा गाभा. वीतभर थर टाकायचा, पाणी मारायचं आणि एकमेकींच्या कमरेला धरून तो ओळीनं तुडवायचा. टाचेखाली माती डचमळायची थांबली की पुढचा थर. पाणी अडवतो तो हा गाभा. दगड नुसता त्याला आवरून धरतो. बायकांना हे ठाऊक होतं. मुकादमाला नव्हतं, आणि विचारायची त्याला लाज वाटत होती.

ओळीच्या पुढं भिवरा असायची. तिचा नवरा गुरं घेऊन चाऱ्याच्या शोधात गेला तो परत आला नव्हता. घरात आठ वर्षांची तुळसा. भिवरा टाच टेकवून सांगायची, माती बसली की नाही. तिनं "अजून" म्हटलं की बाकीच्या एकवीस जणी कुरकुरत पुन्हा तुडवायच्या. टाचा फुटून रक्त मातीत जायचं. संध्याकाळी चिपटंभर ज्वारी दळून ती आंबील करायची. जास्तीची तुळसाला, भांड्याला लागलेली स्वतःला. एक दिवस तिनं पाहिलं, पोरीची मनगटातली बांगडी कोपरापर्यंत चढली होती. त्या दिवशी ती माप घ्यायला गेली ती हात पुढं न करता उभी राहिली.

"मुकादमबाबा, आम्हालाबी शेर पायजे."

"कशाचा?"

"तुडवायचा."

बाळोजी हसला. "अगं, पाय तर तुम्ही घरीबी आपटता. तवा कोण शेर देतं?"

सगळे पुरुष हसले. त्यात त्या बायकांचे नवरे होते, दीर होते, बाप होते. ते जास्त जोरात हसले.

"गाभा बसला न्हाई तर दगड कशावर ऱ्हाणार?" भिवरानं विचारलं.

"दगड दगडावर ऱ्हातो, बाई. तू तुझी चूल बघ."

दुसऱ्या दिवशी बावीस जणी मातीच्या ढिगावर जाऊन बसल्या. पन्नास पावलांचा टप्पा तेवढा राहिला होता. गावातली म्हातारी मंडळी समजूत घालायला आली. समजूत कसली, शिव्याच. पावसाचे दिवस तोंडावर आले, या गावाला बुडवणार, यांच्या नवऱ्यांना मिशा आहेत की नाहीत, वगैरे. बायका उठल्या नाहीत. मग बाळोजीनं आपलं डोकं चालवलं. पन्नास पावलांत माती एकदमच ओतली आणि पुरुषांकडून वरून माती ठोकायचा जड धुमस मारून घेतला. वर गुळगुळीत, आत भुसभुशीत. एका दिवसात काम झालं. म्हातारे म्हणाले, बघा, बायकांवाचून काही अडतं का.

त्या वर्षी पाऊस आला तो चार दिवस थांबला नाही. तळं भरलं. पाचव्या सकाळी भिवरा बांधाच्या खालच्या अंगाला गेली, तर त्या पन्नास पावलांच्या मधोमध भिंतीतून पाणी पाझरत होतं. स्वच्छ असतं तर गोष्ट वेगळी. गढूळ होतं. म्हणजे पोटातली माती निघून चालली होती, आणि खाली सगळं गाव होतं.

तिनं आरडून गाव गोळा केलं. बाळोजी धावत आला. "आता काय करायचं?" त्यानं विचारलं. पहिल्यांदाच विचारलं.

"वरनं उकरत गळतीपतूर जायाचं. तिथनं तुडवत वर यायाचं. आमी करतो. पर शेर. बावीस जणींना. आन् आजपास्नं कायमचा."

बाळोजीनं सगळ्यांदेखत शपथेचा बेलभंडार उचलला. गावातल्या म्हाताऱ्यांनी त्याच्या हाताखाली हात लावले.

पुरुषांनी खड्डा घेतला. तळाशी भिवरा उतरली, कारण माती बसली की नाही हे तिच्याच टाचेला कळायचं. वरून बायका माती सोडत होत्या, ती तुडवत होती. गळती बारीक झाली. दुपारपर्यंत थांबली. आणि ती बाकीच्यांना खाली बोलावणार, तेवढ्यात खड्ड्याची एक बाजू सुटली आणि तिच्या छातीपर्यंत माती बसली.

बायका धावल्या. बाळोजी ओरडला, "उकरू नका! आता उकरलं तर बांध जाईल!"

नवऱ्यांनी बायकांचे दंड धरले. म्हाताऱ्यांनी माना फिरवल्या. "ओता," बाळोजी म्हणाला, आणि शेरभर ज्वारी खाणाऱ्या हातांनी पाट्या उचलल्या.

भिवरा हसत नव्हती. ती ओरडत होती. काय ओरडत होती ते आबा सांगत नाहीत. "तुळसे, हिकडं बघू नगंस," असं ओरडत होती.

बांध राहिला. दुसऱ्या दिवशी एकवीस जणी शेर मागायला गेल्या. रात्रीत बाळोजी आणि म्हातारे मिळून शहाणे झाले होते. "बांध काय तुमच्या पायांनी धरला?" तो म्हणाला. "देवीनं बळी घेतला, देवीनं धरला. भिवराबाई देवी झाली. पाया पडा." आणि पुढं चिपटं केलं. देवीला हात जोडले की मजुरी मोजावी लागत नाही, हा शोध या गावात असा लागला.

तुळसानं आईच्या वाटचं चिपटं घेतलं. दाणे तिनं फेकले नाहीत. उपाशी पोरीला दाणे फेकता येत नाहीत, तसं कीर्तनातच घडतं. तिनं ते ओच्यात बांधले. मग रिकामं माप बांधावर, आई होती त्या जागी पालथं घातलं आणि म्हणाली, "पुरं मोजून दील, त्यानं ह्ये सुलटं करावं." असं म्हणतात की त्या दिवसापासून त्या मापाला गावातल्या कुणा पुरुषाचा हात लागलेला नाही. भीतीनं, म्हणे. भीती कशाची ते उघड आहे.

आजही ज्येष्ठ अमावस्येला गावच्या बायका अनवाणी त्या पन्नास पावलांवर ओळीनं उभ्या राहतात, एकमेकींच्या कमरेला धरतात आणि दिवसभर माती तुडवतात. पुरुष सावलीत बसून ढोल वाजवतात. यंदा पाहुण्यांतल्या एका बाईनं आबांना विचारलं, "यांना याचं काय मिळतं?"

"मान मिळतो," आबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्याच बायका आबांच्या शेतात खुरपायला होत्या. बाईला तीनशे, गड्याला पाचशे. त्यांतल्या ठकूबाईनं कारण विचारलं, तर आबा हसून म्हणाले, "अगं, बसून तर करायचं काम." शेताच्या बांधावरचे गडी हसले.

चिपटं आजही पालथंच आहे. पितळ हिरवं पडलंय आणि त्याचा काठ मातीत रुतत चाललाय.